ईकोमधला बिछाना: गादीचा विचार सगळ्यांत शेवटी

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर कशाला धरून आहे हे इतर वाचकांनाही कळेल. आपल्याकडे पाच आसनी मारुती ईको आहे. मागची सीट घरी ठेवून त्या जागी आपण सुताराकडून १२ इंच उंचीची प्लायची पेटी करून घेतली, तिच्यावर ६ इंची फोम टाकला आणि पतिपत्नी दोघे गुहागर ते गणपतीपुळे असे चार रात्री फिरून आलात. तिसऱ्या दिवशी पत्नीची कंबर धरली. आपल्याला गाडीत नीट बसताच येत नव्हते, त्यामुळे कपडे बदलणेसुद्धा आडवे पडून करावे लागले. आणि घरी आल्यावर फोम उचलून पाहिला तर खालचा प्लाय ओला होता व कडेला काळी बुरशी धरली होती. आता ८ इंची गादी घ्यावी की लॅटेक्सची, म्हणजे रबराच्या फोमची, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे, की आपल्या तिन्ही तक्रारींपैकी एकही जाड गादीने सुटणार नाही, आणि दोन तर वाढतील.

मी गेली सतरा वर्षे गाड्यांच्या आतील लाकूडकाम आणि कुशनचे काम करतो. पहिला बिछाना मी माझ्या स्वतःच्या जुन्या ओम्नीत केला होता आणि त्यात आपण केलेल्या सगळ्या चुका मी अधिक हौसेने केल्या होत्या. सामान भरपूर मावावे म्हणून पेटी उंच केली, प्लाय जाड घेतला, वर घरातली जुनी गादी टाकली आणि पहिल्याच रात्री उठून बसताना छताच्या आडव्या पट्टीवर डोके आपटून घेतले. तेव्हापासून मी गाडीचे माप नंतर घेतो. आधी झोपणाऱ्याचे घेतो.

हे माप घरीच घेता येते. भिंतीला पाठ लावून जमिनीवर ताठ बसा, डोक्यावर वही आडवी धरा आणि तिच्या खालच्या कडेला भिंतीवर पेन्सिलीने खूण करा. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतची उंची म्हणजे आपली बैठी उंची. दोघांची घ्या आणि जास्त असेल ती धरा. तिच्यात २ इंच मोकळे सोडा. आता गाडीत जाऊन, जिथे आपण उठून बसणार तिथे, तळाच्या पत्र्यापासून छताच्या आतल्या अस्तरापर्यंत फीत लावा. समजा गाडीतली उंची ४७ इंच भरली आणि आपली बैठी उंची ३६ इंच आहे. ४७ मधून ३८ गेले, उरले ९. या ९ इंचांत फळी, तिच्या खालचा सांगाडा आणि गादी असे सगळे बसवायचे आहे. आपण त्या जागी १२ अधिक ६, म्हणजे १८ इंच घातले आहेत. बसल्यावर फोम इंचभर दबतो, तेवढी सूट मिळते, पण तेवढीच. म्हणून माझा आग्रह असा, की ४ इंचांपेक्षा जाड गादीचा विचार ईकोसारख्या गाडीत करूच नये. उरलेल्या ५ इंचांत खाली पेट्या मावत नाहीत हे खरे आहे. चपट्या पिशव्या, दोर, चटई एवढेच मावते. बाकीचे सामान रात्री पुढच्या सीटवर ठेवायचे. सामानाला रात्रभर बसून राहता येते, आपल्याला नाही.

फळी खाली आणण्याचा आणखी एक फायदा आहे आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पुढच्या सीटची पाठ मागच्या बाजूला कललेली असते. त्यामुळे पत्र्यालगत जी लांबी मिळते, ती जसजसे वर जावे तसतशी कमी होते. आपली उंची ५ फूट १० इंच, म्हणजे ७० इंच आहे. आडवे पडल्यावर पावले पुढे झुकतात आणि उशीवर डोके थोडे वर सरकते, म्हणून किमान ७४ इंच लांबी हवी. सीट पूर्ण पुढे सरकवूनही एवढी लांबी सलग मिळणे कठीण आहे, पण फळी जितकी खाली तितकी ही तूट कमी होते. जे कमी पडेल ते बिजागरीवर उलगडणाऱ्या झापेने भरून काढावे. तिला दिवसा मागे दुमडायचे आणि रात्री पुढे टाकून एका घडीच्या पायावर टेकवायचे. ही झाप कायमची ठोकू नये. ईकोचे इंजिन पुढच्या सीटखाली असते, आणि तेल किंवा कूलंट पाहण्यासाठी ती सीट उचलावी लागते; वाटेत गाडी तापली आणि मेकॅनिकला आधी आपला पलंग उसवावा लागला, असे मी पाहिलेले आहे.

फळी किती खाली आणता येईल याला एक मर्यादा आहे, ती म्हणजे मागच्या चाकांवरची कुबडे. फळी त्यांच्याखाली गेली तर रुंदी दोन्ही बाजूंनी कापली जाते आणि दोघांना खांद्याला खांदा लावून झोपवत नाही. फळी त्यांच्या माथ्याशी समपातळीत ठेवली तर पूर्ण रुंदी मिळते, पण उंचीचा हिशेब काही इंचांनी बिघडतो. यावर मी करतो तो तोडगा असा: चाकांची कुबडे ज्या भागात आहेत तिथे मधली फळी खालीच ठेवायची आणि कुबडांवर फक्त फोमची पाचर बसवून कड समपातळीत आणायची. कडेला कोणी बसत नाही. तिथे हात किंवा कोपर येते. दोघांना मिळून ४ फूट, म्हणजे माणशी २ फूट रुंदी मिळाली तर ती रेल्वेच्या स्लीपर बर्थच्या आसपास जाते, आणि चार रात्रींसाठी ती पुरते.

आता ओलाव्याकडे येतो, कारण आपल्या गादीचे खरे दुखणे ते आहे. दोन माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात अर्ध्या लिटरच्या घरात पाणी बाहेर पडते. घरात ते भिंती, पडदे आणि मोकळी हवा शोषून घेते. गाडीत ते काचांवर आणि पत्र्यावर थेंबांच्या रूपात जमते हे आपण पाहिले असेलच; पण गादीतून खाली झिरपलेली वाफही अशीच थंड, सलग फळीवर येऊन थांबते आणि तिथे तिचे पाणी होते. कोकणातल्या दमट हवेत दिवसाही ते वाळत नाही. याला रबरी चटई किंवा प्लॅस्टिकचा कागद हा उपाय नाही. तो घातला तर पाणी प्लायऐवजी फोममध्ये राहील, एवढाच फरक पडेल. उपाय एकच, गादीखालून हवा खेळली पाहिजे.

म्हणून सलग फळीऐवजी पट्ट्या वापराव्यात. १८ मिलिमीटरच्या प्लायमधून ३ इंच रुंदीच्या पट्ट्या कापून, दोन पट्ट्यांत २ इंचांची फट ठेवून, आडव्या बसवाव्यात. फट ३ इंचांच्या पुढे गेली की फोम तिच्यात उतरू लागतो आणि पाठीला शिडीवर झोपल्यासारखे वाटते. पट्टीला दर दोन फुटांवर आधार असू द्यावा, म्हणजे दोन्ही कडांना आणि बरोबर मध्ये. आपली पेटी आधीच झालेली आहे, तेव्हा ती मोडायची नसेल तर उंची कापून घ्या आणि वरच्या फळीला होल-सॉने, म्हणजे गोल भोक पाडणाऱ्या करवतीने, दीड इंची भोके पाडून घ्या, साधारण ६ इंचांच्या अंतराने. पेटीच्या उभ्या बाजूंनाही भोके हवीत, नाहीतर हवा पेटीत कोंडलेलीच राहील. बुरशी धरलेला प्लाय मात्र नुसता पुसून वापरू नका. कडकडीत उन्हात चार दिवस वाळवा, पॉलिश पेपरने घासा, आणि तरीही वास राहिला तर तो तुकडा टाकून द्या. नवा घ्याल तर ओलावा सहन करणारा, बीडब्ल्यूआर दर्जाचा घ्या, आणि कापलेल्या सगळ्या कडांना, भोकांच्या आतल्या कडांनाही, वार्निशचे दोन हात द्या, कारण पाणी पृष्ठभागातून शिरत नाही, कडेतून शिरते. १८ मिलिमीटरचा ८ बाय ४ चा एक अख्खा प्लाय ३० किलोंच्या पुढे भरतो. पट्ट्यांमुळे त्यातले बरेच वजन वाचते, हा वरचा फायदा.

सांगाड्यासाठी मी एक इंची लोखंडी चौकोनी पाइप वापरतो आणि तो सीटच्याच मूळ बोल्टच्या जागी कसतो. तळाच्या पत्र्याला नवे भोक पाडत नाही. भोक पडले की तिथून गंज सुरू होतो हे एक कारण झाले. दुसरे कारण याहून गंभीर आहे आणि त्याकडे पुढे येतो. लोखंडावर लाकूड थेट टेकले की कूस बदलताना करकर वाजते आणि ती करकर रात्री दोन वाजता फार मोठी ऐकू येते. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून दोन्हींच्या मध्ये घाला आणि साध्या नटाऐवजी नायलॉनच्या कड्याचा नट वापरा, म्हणजे खड्ड्यांनी तो ढिला होत नाही. दिवसा गाडी चालताना ही चौकट, पट्ट्या आणि झाप बांधलेली असावी. करकचून ब्रेक लावल्यावर सुटी फळी मागून मानेवर येते.

कायद्याचेही थोडे सांगितले पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि आसनसंख्या हा त्या प्रमाणपत्रातला एक तपशील आहे. म्हणून मी काहीही वेल्ड करत नाही. अर्ध्या तासात बिछाना बाहेर आणि सीट परत जागेवर, अशीच रचना करतो. सीट काढून लांबचा प्रवास करण्याआधी आपल्या आरटीओ कार्यालयात विचारून घेणे शहाणपणाचे ठरेल.

आता गादी. पत्नीची कंबर ६ इंची फोमवर का धरली, हे त्या फोमच्या जाडीत नाही, त्याच्या प्रतीत आहे. फोमची घनता दुकानदार ‘डेन्सिटी’ म्हणून सांगतात. ४० डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचे वजन ४० किलो. दुकानात सगळेच ४० म्हणतात, पण तपासणे अगदी सोपे आहे. ६ फूट बाय ४ फूट आणि ४ इंच जाड असा तुकडा ८ घनफूट भरतो. तो खरोखर ४० चा असेल तर काट्यावर साधारण ९ किलो दाखवेल. सव्वासहा किलोच्या आसपास आला तर तो २८ चा आहे. मी गिऱ्हाइकाला नेहमी सांगतो, की फोम घ्यायला जाताना सामान तोलायचा हातातला काटा बरोबर न्या. आपला ६ इंची तुकडाही तोला. ६ बाय ४ फुटांचा असेल तर ४० च्या हिशेबाने तो साडेतेरा किलोंच्या आसपास भरायला हवा. मला वाटते, नऊ-साडेनऊच भरेल.

हलका फोम पहिल्या दिवशी मऊ आणि छान लागतो. कंबरेखाली वजन जास्त असते, तिथे तो महिनाभरात बसतो आणि माणूस झोळीत झोपल्यासारखा झोपतो. मात्र घनता म्हणजे कडकपणा नव्हे. ४० चा फोमही मऊ असू शकतो. म्हणून मी दोन थर घालतो. खाली २ इंचांचा रिबॉन्डेड, म्हणजे फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला, १०० डेन्सिटीच्या आसपासचा घट्ट थर, आणि वर २ इंचांचा ४० चा मऊ थर. दोन्ही मिळून वजन १६ किलोंच्या आत राहते. बरोबर जमले आहे की नाही हे पाहण्याची माझी कसोटी अशी: कुशीवर झोपावे, आणि दुसऱ्याने पट्ट्यांच्या फटीतून खालून बोट घालून खुब्याच्या हाडाखालचा फोम दाबून पाहावा. थोडा लवचीकपणा लागला पाहिजे. दगडासारखे लागले तर फोम तळाला गेला आहे. उताणे झोपणाऱ्याला वरचा थर दीड इंचाचाही चालतो. कुशीवर झोपणाऱ्या बायकांना, विशेषतः ज्यांची कंबर दुखते त्यांना, दोनाच्या खाली जाऊ नये. दुखणे प्रवास संपल्यावरही राहिले असेल तर ते गादीच्या माथी मारून न थांबता डॉक्टरांना दाखवा.

गादी दुमडता यावी म्हणून तिचे तुकडे करावे लागतात आणि इथे एक चूक हमखास होते. लोक मधोमध कापून दोन तुकडे करतात. माणसाचा खुबा डोक्यापासून जवळपास अर्ध्या अंतरावर असतो, त्यामुळे सांधा नेमका सगळ्यांत जड जागेखाली येतो आणि रात्रभर उघडत राहतो. तीन सारखे तुकडे करा. ७२ इंचांत पहिला सांधा २४ इंचांवर, म्हणजे कंबरेच्या वर पाठीखाली, आणि दुसरा ४८ वर, मांडीखाली येतो, आणि खुबा मधल्या तुकड्याच्या मध्यावर राहतो. वर म्हटलेल्या जादा लांबीसाठी पायाकडे झापेवर एक वेगळा पातळ तुकडा पुरतो. तुकडे सरकू नयेत म्हणून कडांना वेल्क्रो शिवून घ्या. खोळ मांजरपाटाची किंवा जाड सुती कापडाची आणि चेनची असावी, म्हणजे धुता येईल. रेक्झिन दिसायला टापटीप असते, पण घाम धरून ठेवते. महिन्यातून एकदा डोक्याकडचा आणि मधला तुकडा अदलाबदल करा.

कापसाच्या गादीबद्दल आपण विचारले नाही, पण कोल्हापूर-सांगलीकडचे बरेच लोक विचारतात, म्हणून लिहितो. कापूस थंड असतो, पाठीला आधारही चांगला देतो, आणि माझ्या घरात आजही कापसाचीच गादी आहे. पण तो ओल शोषतो, रोज उन्हात टाकावा लागतो, गोळे होतात, आणि गुंडाळी जागा खाते. गाडीत त्याऐवजी फोमवर एक जुनी, सुती साड्यांची गोधडी अंथरा. घाम टिपते, उन्हात तासाभरात वाळते, गारठा पडला तर पांघरता येते, आणि तुकड्यांमधले सांधेही तिच्याखाली जाणवत नाहीत. आमच्या आईने शिवलेली एक गोधडी ओम्नीपासून आजच्या गाडीपर्यंत आली आहे. फोम या काळात तीनदा बदलला. उशीला सावरीचा कापूस उत्तम, आणि ती घरच्यापेक्षा पातळ असू द्या.

डोके कोणत्या बाजूला ठेवायचे? दिवसभर चालून आलेल्या गाडीचे इंजिन पुढच्या सीटखाली बराच वेळ तापलेले राहते, म्हणून डोके मागच्या दाराकडे आणि पाय पुढे. गाडी उभी करताना मागची बाजू किंचित उंच राहील असे पाहा. फळीवर अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेवली की उतार कळतो. आडवा उतार मात्र अजिबात चालत नाही, एक जण रात्रभर दुसऱ्यावर घसरत राहतो. खालच्या बाजूच्या चाकांखाली फळकुटे घालून तो काढावा. कोकणात सावलीसाठी माडाखाली गाडी लावण्याचा मोह होतो, तेवढा टाळा.

हवेसाठी समोरासमोरच्या दोन काचा दोन-दोन बोटे उघड्या ठेवायच्या. एकच उघडी ठेवून भागत नाही, कारण हवेला आत यायला आणि बाहेर जायला वेगळी वाट लागते. पावसासाठी काचांवर व्हायझर, आणि डासांसाठी कडेला लोहचुंबकाची पट्टी शिवलेली जाळी. महाबळेश्वरला थंडीत जाल तेव्हा काचा बंद करून घेण्याचा मोह होईल. करू नका, एक चादर जास्त घ्या. थंडीत पट्ट्यांखालून गारवा वर येतो, तेव्हा गादी आणि पट्ट्यांच्या मध्ये वेताची किंवा काथ्याची चटई घाला. तिच्यातून हवाही जाते.

वर ज्या गंभीर कारणाचा उल्लेख केला ते हे. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातल्या वडकरा इथे उभ्या कारवॅनमध्ये झोपलेले दोघे जण मृतावस्थेत सापडले. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. या वायूला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागे करत नाही. म्हणून तळाच्या पत्र्याला भोक नाही, एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपणे नाही, आत शेगडी किंवा कोळसा नाही, आणि शेजारी कोणाचा जनरेटर धडधडत असेल तर जागा बदलायची. आपल्या गाडीत सीएनजीची टाकी आतल्या बाजूला असेल तर तिच्यावर किंवा तिच्या व्हॉल्व्हवर काहीही झाकून बसवू नका. सरकत्या दारांच्या आतल्या मुठीपर्यंत दोघांचाही हात अंधारात पोचला पाहिजे. फोमची पाचर त्या मुठीला अडते का ते दार बंद करून, आत झोपून पाहा.

खर्चापुरते बोलायचे तर नवीन ८ इंची गादीचे पैसे आत्ता घालू नका. आधी पेटी कापून ५ इंचांवर आणा, फळीच्या पट्ट्या करा, आणि असलेला ६ इंची फोम तोलून पाहा. तो चांगल्या प्रतीचा निघालाच तर कुशनवाला त्याचा २ इंची थर तारेने सरळ कापून देतो. खाली तेवढा रिबॉन्डेड थर नवा घेतला की काम झाले, आणि उरलेल्या ४ इंचांतून कुबडांवरच्या पाचरी निघतात. सगळे जुळवल्यावर पहिली रात्र गुहागरला नव्हे, घराच्या अंगणात काढा. रात्रभर झोपून सकाळी लगेच मधला तुकडा उचला आणि पट्ट्यांवर तळहात ठेवा. ओल लागली तर फटी आणि पेटीच्या बाजूंची भोके अजून कमी आहेत.